दार उघडल्यास लगेच बंद करावे

इस्त्री अंगावरच्या कपड्यांना करू नये.

सासूबाईंच्या उजव्या अंगठ्याला घट्टा पडला होता.

विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होती, म्हणून सध्या तिच्यावर एक कुंडी ठेवली होती.

पाच जण एका अंधाऱ्या बोळातून पळत होते. चौघे खोलीत शिरले. चौघांतल्या एकाने खटका ओढला.

"अहो, फ्रिजचं दार पुन्हा उघडं राहिलंय!"

या गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही असं वाटत असेल, तर त्यात वाचणाऱ्याची चूक नाही. दक्षतारावांनाही तसंच वाटत होतं, आणि ते तर या सगळ्याच्या मधोमध बसले होते.

दक्षताराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते माहितीपुस्तिका लिहायचे. मिक्सर, गीझर, वॉशिंग मशीन, पंखा, जे काही खोक्यातून निघतं त्याच्याबरोबर निघणारं आणि खोक्याबरोबरच टाकून दिलं जाणारं ते लहानसं पुस्तक. त्यातलं पहिलं पान नेहमी 'दक्षता' या शब्दाने सुरू व्हायचं, म्हणून कार्यालयाने त्यांना हे नाव ठेवलं. पुढे ते घरीही पोचलं. बायको रागावली की तेच वापरायची.

या कार्यालयाची एक रीत होती. ज्या यंत्राची पुस्तिका लिहायची ते यंत्र लिहिणाऱ्याने बघायचं नाही. मोठ्या साहेबांचं म्हणणं असं, की "यंत्र बघितलं की माणूस यंत्राच्या बाजूने लिहायला लागतो. आपण गिऱ्हाइकाच्या बाजूचे. गिऱ्हाइकाने तरी कुठे बघितलेलं असतं?" म्हणून काम साच्यावर चालायचं. जुनी पुस्तिका काढायची, जुन्या यंत्राचं नाव खोडायचं, नव्याचं घालायचं. ट्रेडमिलची पुस्तिका शिलाई मशीनच्या साच्यावरून काढली तेव्हा 'सुई बदलताना वीजपुरवठा बंद करावा' हे वाक्य त्यात राहून गेलं आणि चांगलं दोन आवृत्त्या टिकलं. एकही तक्रार आली नाही. कोणी वाचलंच नव्हतं. या धंद्याचा सगळा पाया तोच होता.

अशा कार्यालयात एक दिवस खेळाचं काम आलं.

*सूचना नववी: साथीदारांमध्ये पुरेसे अंतर ठेवावे, म्हणजे हवा खेळती राहते.*

खेळ संगणकावरचा. पाच अनोळखी माणसं आपापल्या घरी बसून, कानाला हेडफोन लावून, एकत्र खेळतात. एक भलंमोठं बंद पडलेलं शीतगृह आहे, त्यात गारठे नावाचे प्राणी माजलेत. पाचांनी बंदुका घेऊन आत शिरायचं, गारठ्यांना गोळ्या घालत तळाशी जायचं, तिथलं जनित्र सुरू करायचं आणि जिवंत परत यायचं. वाटेत सुरक्षित खोल्या लागतात; आतला खटका ओढला की त्यांचं दार खाली येऊन बंद होतं. खेळवाल्या कंपनीला नवशिक्यांसाठी सूचना हव्या होत्या, आपल्या भाषेत. डाव सुरू होण्याआधी पडदा थोडा वेळ गोठतो, तेव्हा त्यावर एकेक सूचना झळकणार.

"शीतगृह म्हणजे काय हो शेवटी?" दक्षताराव मोठ्या साहेबांना म्हणाले. "मोठा फ्रिज."

"अगदी बरोबर!" साहेब म्हणाले. "तुम्हाला साचा चटकन सापडतो. ही दृष्टी आहे. उगाच नाही मी तुमचा विचार करत." आणि त्यांनी कुंडीकडे पाहिलं.

कुंडीकडे आणखी एक जण पाहत होती. तिला सगळे बाणबाई म्हणत. पुस्तिकांमधल्या आकृत्या आणि त्यातले 'हे इकडून फिरवा' सांगणारे बाण ती काढायची. तिच्या बाणांत आत्मविश्वास इतका असे, की ते चुकीच्या स्क्रूकडे रोखलेले असले तरी स्क्रूलाच आपण चुकीच्या जागी बसलोय असं वाटावं. विभागप्रमुख एक तर दक्षताराव होणार, नाहीतर बाणबाई. तिसरा म्हणजे मुद्रितं तपासणारा स्वल्पविराम, पण तो कुठल्याच शर्यतीत नव्हता. त्याला शर्यतीचं परिपत्रक तपासायला दिलं तर तो त्यातच रमला असता.

दक्षतारावांनी फ्रिजचा साचा काढला आणि चहा निवायच्या आत काम उरकलं. 'पदार्थ' खोडून 'साथीदार' घातलं. 'कोंबून भरू नये' हे गोळ्यांना लागू पडलं. 'बिघाड झाल्यास स्वतः दुरुस्ती करू नये, प्रशिक्षित व्यक्तीस बोलवावे' याचं 'साथीदार जखमी झाल्यास स्वतः उचलू नये, प्रशिक्षित व्यक्तीची वाट पाहावी' झालं. एक वाक्य मात्र होतं तसंच ठेवलं, कारण त्यात बदलण्यासारखं काही नव्हतंच: 'दार उघडल्यास लगेच बंद करावे.' हे त्यांचं आवडतं वाक्य. घरच्या फ्रिजवरही त्यांनी ते छापून चिकटवलं होतं.

एकच गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. पुस्तिका टाकून देता येते. गोठलेला पडदा टाकून देता येत नाही. समोर दुसरं काहीच नसतं, हात मोकळे असतात, आणि माणूस नाइलाजाने वाचतो.

दक्षतारावांच्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांचं लिखाण वाचणार होतं.

*सूचना सतरावी: दार उघडल्यास लगेच बंद करावे.*

सासूबाई मोठ्या इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या आणि लेकीकडे राहायला आल्या. पहिले काही दिवस त्यांनी घराचा वॉर्ड केला. मग घरात शिस्त लावण्यासारखं काही उरेना, तेव्हा त्यांनी लेकीच्या संगणकावर हा खेळ शोधून काढला. तिथे माणसं सतत पडत होती, ओरडत होती आणि त्यांना उचलायला कोणीतरी हवं होतं. सासूबाईंना सूर सापडला. ज्याच्या हाती बंदूक असते तो तिथे सैनिक असतो, पण सासूबाई मेट्रनच राहिल्या. नावही तेच घेतलं. अनोळखी पोरांना "अरे, ओरडू नकोस, काही झालेलं नाही तुला" असं म्हणत त्या उचलायच्या, आणि ती पोरं निमूटपणे उठून पुन्हा लढायची.

सूचना झळकायला लागल्या त्याच आठवड्यात, एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर त्यांनी ताट बाजूला सारलं.

"माझ्या तोंडावर दार लावलं," त्या म्हणाल्या.

"कुणी?" दक्षतारावांनी विचारलं. त्यांना वाटलं शेजारच्यांनी.

"आमच्या डावातल्या तिघांनी! एक पोरगा बोळात पडला होता. तिघं त्याच्याभोवती उभे. म्हटलं, उचला की रे त्याला, अंगठ्याने बटण दाबलं की उचलता येतं, त्यात काय शस्त्रक्रिया आहे? तर म्हणे, नाही आजी, प्रशिक्षित व्यक्तीची वाट बघतोय."

दक्षतारावांच्या हातातला घास हातातच राहिला.

"मग मी गेले उचलायला. तोवर हे आत. माझ्या डोळ्यांदेखत खटका ओढला. मागून गारठे आले आणि आम्हा दोघांना खाल्लं. खाल्लं! मी आतल्यांना विचारलं, का रे बाबांनो? तर एक म्हणतो, आजी, तसं लिहिलंय." सासूबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "कोण मूर्ख लिहितो हो हे, जावईबापू? 'दार उघडल्यास लगेच बंद करावे.' माणसं आहेत का कोथिंबीर?"

दक्षताराव पाणी प्यायले. पाणी संपलं तरी पेला तोंडाला लावून बसले. पेल्याच्या बुडातून त्यांना बायको दिसली. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. फ्रिजच्या दाराकडे बघत होती.

"त्या माणसाला मी शोधून काढणार," सासूबाई म्हणाल्या. "इतक्या वर्षांत डॉक्टर सुटले नाहीत माझ्या हातून."

जेवणं झाल्यावर बायकोने त्यांना ओट्यापाशी गाठलं.

"दक्षताराव," ती हळूच म्हणाली.

"अगं, मला काय माहीत आई खेळतात ते? म्हणजे खेळतात हे माहीत होतं. मला वाटलं पत्ते खेळतात."

"त्या खोलीतून रोज बंदुकांचे आवाज येतात."

"मला वाटलं बातम्या लावतात."

"हे बघा, मी काही बोलणार नाही," बायको म्हणाली. "पण मला फार दिवसांपासून वाटतंय, की भांडी तुम्ही घासली तर ती जास्त स्वच्छ निघतील." आणि घासणी त्यांच्या हातात देऊन ती बाहेर निघून गेली.

*सूचना तिसरी: उपकरण समतल पृष्ठभागावर उभे करावे.*

(ही सूचना नजरचुकीने राहिली होती. तिच्यामुळे बरेच नवशिके डाव सुरू झाल्यावर जिन्यावर पाऊल ठेवायला तयार होत नव्हते.)

पुढे जे झालं ते सासूबाईंच्या स्वभावाला धरूनच झालं. त्यांनी खेळवाल्या कंपनीकडे तक्रार केली. मग रोज एक केली. मग निवृत्त परिचारिकांना खेळायला बसवलं आणि त्यांनाही तक्रारी करायला लावलं. इकडे आपल्या भाषेतल्या खेळाडूंची ख्यातीच तशी झाली. ते एकमेकांपासून लांब चालत, पडलेल्याभोवती अदबीने उभे राहत आणि आत शिरताच दार लावून घेत. दुसऱ्या भाषांतले लोक त्यांना डावात घेईनात.

शेवटी कंपनीचं बोलावणं आलं. बोलावणं कसलं, कंपनीच इकडे येणार होती. खेळाचं काम बघणाऱ्या बाई कार्यालयात येऊन बसणार आणि सूचना लिहिणाऱ्यांनी त्यांच्यासमोर, आपल्याच सूचना पाळून, एक डाव खेळून दाखवायचा.

"उत्तम!" मोठे साहेब म्हणाले. "दक्षताराव, तुम्ही पुढे. हे जमलं की कुंडी खिडकीत."

"साहेब, मी तो खेळ कधी बघितलेला नाही."

"मग अडचण काय? तुम्ही वॉशिंग मशीन तरी कुठे बघितलं होतं?"

पण वॉशिंग मशीनमध्ये शिरून दाखवा असं कुणी म्हटलं नव्हतं. दक्षताराव घरी आले, तासभर सोफ्यावर बसून राहिले आणि मग त्यांनी शहाण्या माणसाने कधीच करू नये ते केलं. सासूबाईंच्या खोलीचं दार वाजवलं.

"आई, मला जरा तो खेळ शिकवता का?"

सासूबाईंनी त्यांच्याकडे खालून वर पाहिलं. "का हो एकदम?"

"कार्यालयात सगळे खेळतात. मागे पडल्यासारखं वाटतं."

"बसा," सासूबाई म्हणाल्या. "पाठ ताठ."

*सूचना क्रमांक नसलेल्या, सासूबाईंच्या.*

"जावईबापू, भिंतीकडे तोंड करून का उभे आहात?"

"मला वाटलं हे पुढे आहे."

"पुढे म्हणजे जिकडे आपली माणसं चाललीत ते. एकटं हुंदडायचं नाही. गारठा एकट्याला आधी धरतो."

"पण थोडं अंतर असलेलं बरं ना? हवा..."

"कसली हवा?"

"काही नाही."

"अहो, सगळ्या गोळ्या कशाला उचलताय? लग्नात आलात का खिसे भरायला? तुमच्याकडे ढीग, आणि त्या बिचाऱ्याकडे दोन उरल्यात. बोला, विचारा, कुणाला हव्यात? तोंड आहे ना? निम्मा खेळ तोंडाने खेळायचा असतो."

"कुणाला गोळ्या हव्यात का?" दक्षताराव हेडफोनमध्ये म्हणाले. आवाज असा लागला, जणू लग्नात दुसऱ्यांदा वाढायला आलेत.

"मला द्या काका," कुठल्या तरी गावचा कुणीतरी म्हणाला, आणि दक्षतारावांना उगाच बरं वाटलं.

"दर वळणावर मागे बघायचं. बंदूक रिकामी व्हायची वाट बघायची नाही, शांत असेल तेव्हा भरून घ्यायची. आता सांगा, कुणी पडलं तर आधी काय करायचं?"

"प्रशिक्षित..." दक्षतारावांनी जीभ चावली. "हाक मारायची?"

"आधी उचलायचं! हाक काय मारता, तो काय पोस्टमन आहे?"

आणि मग दाराचा धडा. "दारात पोचलात की आत पळायचं नाही. उंबऱ्यावर उभं राहायचं, तोंड बाहेर करून, गोळ्या झाडत. शेवटचा माणूस आत आला की मग खटका."

"आणि शेवटचा आलाच नाही तर?"

"तर मी जाते आणायला," सासूबाई म्हणाल्या, जसं कुणी दूध आणायला जातं.

त्या आठवड्यात, सासूबाईंच्या शेजारी कार्यालयातून आणलेला संगणक मांडून, दक्षताराव अगणित वेळा पडले. पडलं की पडदा लाल व्हायचा, बंदूक हातातून सुटायची आणि समोर फक्त जमिनीवरचा बर्फ दिसायचा. अशा वेळी डावीकडच्या खुर्चीतून आणि हेडफोनमधून एकदमच आवाज यायचा, "उठा. काही झालेलं नाही तुम्हाला." दक्षताराव उठायचे. लिहिताना त्यांनी हजारो माणसांना 'प्रशिक्षित व्यक्तीस बोलवावे' असं सांगितलं होतं. प्रशिक्षित व्यक्ती खरोखर आली की कसं वाटतं, हे त्यांना आत्ता कळत होतं. डाव संपला की ते चहा मागवायचे, आणि मग आठवायचं की कपही आपल्यालाच घासायचा आहे.

डावाच्या आदल्या दिवशी त्यांनी नव्या सूचना लिहिल्या. एकत्र राहा. गोळ्या वाटून घ्या. पडलेल्याला उचला. शेवटचा आत येईपर्यंत दार धरून ठेवा. आयुष्यात पहिल्यांदाच साच्याशिवाय लिहीत होते. कागद घेऊन ते साहेबांकडे गेले.

साहेबांनी वाचलं. "छान आहे. पण आता बदललं तर आधीचं चूक होतं असा अर्थ निघेल."

"चूकच होतं, साहेब."

"कुणाची चूक?"

"आपली."

"आपली म्हणजे?"

दक्षतारावांनी कुंडीकडे पाहिलं. तिला नवं पान फुटलं होतं. खुर्ची मानवत असावी. "बघतो," ते म्हणाले आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

*सूचना पहिली: वापरण्यापूर्वी सर्व सूचना काळजीपूर्वक वाचाव्यात.*

बैठकीच्या खोलीत संगणक मांडले होते. मोठे साहेब टोपी घालून आले होते. बाणबाई बोटं मोडत होती. स्वल्पविराम कळफलकावरची अक्षरं तपासत होता. खेळवाल्या बाई वयाने इतक्या लहान होत्या, की साहेबांनी आधी त्यांनाच चहा आणायला सांगितला. त्यांनी तो आणलाही, आणि मग आपण कोण ते सांगितलं.

"तुम्ही चौघं," त्या म्हणाल्या. "पाचव्या खेळाडू बाहेरून जोडल्या जातील. आमच्याकडे सगळ्यांत जास्त तक्रारी ज्यांच्या आल्यात ना, त्यांनाच मुद्दाम बोलावलंय. मेट्रन या नावाने खेळतात."

दक्षतारावांनी हेडफोन काढून पुन्हा घातला.

"नमस्कार," हेडफोनमध्ये आवाज आला. "सगळे आले का? नावं सांगा."

"मी मोठे साहेब," मोठे साहेब म्हणाले. बाकीच्यांनीही सांगितलं. दक्षतारावांची पाळी आली. त्यांनी घसा बसल्यासारखा आवाज काढला, "नवशिका."

"सर्दी झालीय का? वाफ घ्या," मेट्रन म्हणाल्या. "चला."

डाव सुरू झाला, आणि कार्यालय आपल्या सूचना पाळू लागलं. चौघं एकमेकांपासून इतकं अंतर ठेवून चालले, की कुणाला कुणी दिसेना. बाणबाईला भिंतीवर एक बाण दिसला आणि ती निष्ठेने त्यामागे निघाली. तो बाण संडासाकडे जात होता. स्वल्पविराम एका धोक्याच्या फलकासमोर थांबून तो पुन्हा पुन्हा वाचत राहिला. मोठे साहेब बोळाच्या मधोमध उभे राहून "पुढे चला" असं सांगत होते. त्यांना गारठ्याने मागून धरलं.

"मी पडलो!" साहेब ओरडले. "अहो, मी पडलोय!"

बाणबाई आणि स्वल्पविराम धावत आले आणि त्यांच्याभोवती उभे राहिले.

"प्रशिक्षित व्यक्तीची वाट पाहावी," स्वल्पविराम म्हणाला.

"अरे उचला की त्यांना!" मेट्रन कडाडल्या. पण तोवर बोळाच्या टोकाला गारठ्यांची झुंड दिसली. सगळे पळाले. साहेब सोडून सगळे, कारण साहेब आडवे होते. आणि मेट्रन सोडून, कारण त्या उलट दिशेने साहेबांकडे पळाल्या.

बाणबाई आत गेली. स्वल्पविराम आत गेला. दक्षताराव उंबऱ्यावर पोचले. खटका हाताशी होता.

"लावा!" बाणबाई म्हणाली. "लिहिलंय तुम्हीच!"

खेळवाल्या बाई खुर्ची पुढे ओढून बघत होत्या. दक्षतारावांना सगळं एकदम दिसलं. खटका ओढला तर आपलं लिहिलेलं खरं ठरतं, काम टिकतं, कुंडी खिडकीत जाते. नाही ओढला तर आपण आपल्याच वाक्यावर फुली मारली, तीही गिऱ्हाइकासमोर. त्यांचं बोट बटणावर गेलं. मागे आलं. पुन्हा गेलं.

मग ते वळले. तोंड बाहेर करून उंबऱ्यावर उभे राहिले आणि गोळ्या झाडू लागले.

"या लवकर!" ते ओरडले. घसा बसलेला ठेवायचं भान राहिलं नाही. "मी धरलंय दार! या तुम्ही!"

"जावईबापू?" हेडफोनमध्ये आवाज आला.

"हो, मीच! डावीकडून या, आई!"

साहेब मेट्रनच्या खांद्यावर होते. जीव वाचल्याच्या आनंदात माणूस जसा वाटेल ते बोलतो तसे बोलत होते. "अहो बाई, हे तुमचे जावई? हिरा आहे, हिरा! तुमच्या त्या सगळ्या सूचना यांनीच लिहिल्यात! एकटाकी! दाराचीसुद्धा!"

हेडफोनमध्ये गारठ्यांचे दात वाजले.

मेट्रन आल्या. साहेबांना आत टाकलं. दक्षताराव त्यांना वाट करून द्यायला एक पाऊल बाहेर सरकले होते आणि झुंडीवर गोळ्या झाडत होते. बंदूक बरोबर धरली होती, पाठ ताठ होती, आणि सासूबाई हे बघताहेत याचा त्यांना अभिमान वाटत होता.

"आलात ना आत सगळे?" त्यांनी विचारलं.

"आलो."

"मग मी येतो."

खटका वाजला. दार खाली आलं.

"आई!" दक्षताराव म्हणाले.

"लगेच बंद करावे," आतून शांत आवाज आला. "वाचलंय मी."

*सूचना विसावी: तक्रार असल्यास विक्रेत्याशी संपर्क साधावा.*

खेळवाल्या बाई टाळ्या वाजवत होत्या.

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या सूचना आल्यापासून तक्रारी वाढल्यात हे खरं. पण खेळणारे त्याहून वाढलेत. इतर भाषांमध्ये सूचना बरोबर आहेत. तिथे लोक चार दिवसांत जिंकतात आणि जातात. तुमच्याकडे ज्याच्या तोंडावर दार लागतं तो दुसऱ्या दिवशी हमखास परत येतो. दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडावर लावायला."

"पण त्या चूक आहेत," दक्षताराव म्हणाले आणि त्यांनी खिशातला कागद काढला.

"हो ना! इतकं चूक ठरवून लिहायला बसलं तर जमत नाही. आम्ही करून बघितलं. तुम्ही कसं केलंत?"

"फ्रिज," दक्षताराव म्हणाले.

"काय?"

"काही नाही."

"आता सगळ्या भाषांत याच सूचना जाणार. आणखी वीस लिहून द्या," बाई म्हणाल्या आणि त्यांच्या हातातला कागद उलटा करून, मागच्या कोऱ्या बाजूवर आपला फोन नंबर लिहून दिला.

मोठे साहेब अजून हेडफोन लावून बसले होते. त्यांचे डोळे ओले होते. "बाई," ते हेडफोनमध्ये म्हणाले, "इतकी वर्षं मी लोकांना पुढे चला म्हणून सांगतोय. माझ्यासाठी मागे आलेलं माणूस आज पहिल्यांदा बघितलं. आणि वेळ आली तेव्हा घरच्या माणसावरसुद्धा दार लावलंत. आपण सध्या काय करता?"

"निवृत्त आहे. बसून कंटाळा येतो."

"आमच्याकडे विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी आहे."

"साहेब!" दक्षताराव उभे राहिले. "ती जागा तर..."

"दक्षताराव, तुम्ही मेलात," साहेब म्हणाले. दक्षतारावांच्या पडद्यावर खरंच तसं लिहिलं होतं.

नव्या विभागप्रमुखांनी कुंडी खिडकीत ठेवली, खुर्ची पुसून घेतली आणि बाणबाईच्या बाणांची टोकं तपासली. दाराची सूचना बदलायची का, असं दक्षतारावांनी घाबरत विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "कशाला? आता मला सराव झालाय." त्या संध्याकाळी त्यांच्या खोलीतून खटक्याचा आवाज आला आणि कुठल्या तरी गावचा कुणीतरी "आजी, मी बाहेर आहे!" असं किंचाळला.

दक्षताराव ओट्यापाशी होते.

"अगं, आता तर सगळं बाहेर पडलंय," ते बायकोला म्हणाले. "मग भांडी का?"

"इतके दिवस गप्प राहिले की नाही मी?" ती म्हणाली. "त्याचं काही नाही का?"

त्यांनी कढई पुढे ओढली.

सूचना कुणी लिहिल्यात हे बायकोने आईला त्या पहिल्याच संध्याकाळी, दक्षताराव पहिलं ताट घासत असताना, बाहेरच्या खोलीत जाऊन सांगितलं होतं.